रिकामा वेळ आणि मारिएन्थाल

चि. छोटी,

तुझ्या प्रबंधाचा आराखडा मामाने वाचून काढला. १९२९ नंतरच्या महामंदीचे आकडे चोख आहेत. १९३३ साली अमेरिकेत दर चार कामकऱ्यांत साधारण एक बेकार, १९३० ते १९३३ या काळात सुमारे ९,००० बँका बुडालेल्या. सगळं जागच्या जागी. पण त्याच्या पुढच्याच परिच्छेदात तू लिहितेस की, काम सुटल्यावर माणसांना मोकळा वेळ मिळाला आणि त्यातून वाचन, सभा, चळवळी वाढल्या असतील. त्या वाक्याखाली मामाने लाल रेघ मारली आहे. रागाने नव्हे. भल्याभल्यांना असंच वाटत होतं.

ते का चुकलं, हे मारिएन्थालने दाखवलं. हे ऑस्ट्रियातलं व्हिएन्नाजवळचं गिरणगाव. अख्खं गाव एका कापडगिरणीवर जगत होतं. १९२९ मध्ये एकेक खातं बंद पडत गेलं आणि १९३०च्या सुरुवातीला गिरणीला टाळं लागलं. पॉल लाझार्सफेल्ड या तरुण संशोधकाला खरं तर कामगारांच्या फुरसतीचा अभ्यास करायचा होता. समाजवादी पुढारी ओटो बाउअर यांनी त्याला झापलं: देशात एवढी बेकारी माजली असताना फुरसत कसली मोजतोस? मग लाझार्सफेल्ड, मारी याहोदा आणि हान्स झाइझेल यांचा चमू १९३१च्या अखेरीस मारिएन्थालमध्ये उतरला.

तिथे ४७८ कुटुंबं होती. वेळ तर सगळ्यांकडे रग्गड होता. कामगारांच्या वाचनालयाने वर्गणी माफ केली, तरी १९२९ ते १९३१ या दोन वर्षांत बाहेर जाणारी पुस्तकं जवळपास निम्म्यावर आली. बेकारांसाठी समाजवादी पक्षाच्या वर्तमानपत्राची किंमत उतरवली होती, तरी वर्गणीदार गळत गेले. वाढल्या त्या निनावी तक्रारी. बेकारभत्ता घेणाऱ्याने चार पैशांचं काम केलेलं सापडलं की भत्ता बंद. रस्त्यावर बाजा वाजवून चिल्लर मिळवणाऱ्याचा भत्ता गेला, घरोघर दूध पोचवणाऱ्या बाईचाही गेला. हे वरपर्यंत कळवणारा गावातलाच कुणीतरी! मंदीने माणसं एकत्र येतात, हे वाक्य छापायला बरं असतं.

या अभ्यासातला सगळ्यांत पाहण्यासारखा भाग रस्त्यावरचा आहे. संशोधक गावच्या हमरस्त्याकडे नजर लावून बसले आणि कोण कसं चालतं ते टिपत राहिले. पुरुष रेंगाळत, मध्येच थांबत, कुंपणाला टेकत. बहुतेकांनी घड्याळ वापरणंच सोडलं होतं. दिवसभरात काय केलंत, असं विचारलं तर उठणं, जेवण आणि झोप यांपलीकडे त्यांना धड काही सांगता येत नसे. बायका मात्र त्याच रस्त्याने भराभर जात. त्यांची चूल, धुणं, ठिगळं, पोरं यांना सुट्टी नव्हतीच. उलट कमी पैशात तेच भागवायचं म्हणून काम वाढलं होतं. एवढं असून त्यातल्या काहीजणी म्हणाल्या की, उद्या गिरणी सुरू झाली तर आनंदाने परत जाऊ, आणि ते नुसत्या पगारासाठी नाही. चार भिंतींत कोंडून राहणं नको झालंय. तुझ्या तक्त्यात 'गृहिणी' हा एक रकाना आणि त्यात 'बेरोजगार नाही' एवढीच खूण आहे. तो रकाना बदल.

शाळेतल्या पोरांचे डबेसुद्धा या मंडळींनी पाहिले. भत्ता पंधरवड्याने मिळे. भत्त्याच्या आदल्या दिवशी कितीतरी पोरांकडे कोरडा पाव, नाहीतर काहीच नाही. दुसऱ्या दिवशी बहुतेक डबे पुन्हा भरलेले. महिन्याच्या सरासरीत हा चढउतार पार बुजून जातो. आणि बटाटे लावण्याजोग्या जमिनीच्या तुकड्यात कुणी फुलझाडं लावलेली दिसली, कुणा बाईने फेरीवाल्याकडून व्हेनिसचं चित्र उधारीवर घेतलेलं आढळलं. तुझ्या मुलाखतींत असं काही सापडलं तर त्यापुढे 'उधळपट्टी' लिहू नकोस. या अभ्यासाचं पुस्तक १९३३ साली लाइपझिगला छापलं गेलं तेव्हा हिटलर सत्तेवर आला होता. लेखकांची ज्यू नावं मुखपृष्ठावर आलीच नाहीत.

आता आपल्याकडचं. मुंबई इलाख्याला तू एका ओळीत गुंडाळलंस, ते काही बरं केलं नाहीस. १९२९ ते १९३१ या काळात हिंदुस्थानात शेतमालाचे भाव सुमारे निम्म्यावर आले. सरकारी सारा आणि सावकाराचं व्याज मात्र रुपयांतच ठरलेलं. समज, चार रुपये मण भावाच्या काळात वीस रुपये देण्यासाठी पाच मण धान्य विकावं लागे; भाव दोनवर आल्यावर तेवढ्याच वीस रुपयांना दहा मण. घाम दुप्पट, देणं तेवढंच. अर्व्हिंग फिशर या अर्थशास्त्रज्ञाने १९३३ साली हेच गणित मांडलं. (शेअरबाजार कोसळण्याच्या तोंडावर शेअरचे भाव आता कायमचे उंचावर टेकलेत असं सांगणारे हेच गृहस्थ, आणि त्यात त्यांची स्वतःची संपत्तीही गेली.) शेतकऱ्याने मग काय केलं? बायकोच्या पाटल्या, आईची एकदाणी मोडली. सप्टेंबर १९३१ मध्ये ब्रिटनने सुवर्णमान सोडल्यावर सोन्याचा भाव चढला आणि हे मोडीचं सोनं मुंबई बंदरातून बोटी भरभरून बाहेर गेलं. सरकारी हिशेबात ती निर्यात म्हणून जमा आहे. ज्या बाईच्या अडीअडचणीची ती पुंजी होती, तिच्यासाठी तो कोणता रकाना?

बंद कारखान्यातल्या कामगारांना भेटायला औद्योगिक वसाहतीत जाणार आहेस, त्याबद्दल थोडं. मारिएन्थालच्या चमूचा नियम असा होता की कुणी नुसतं बघ्यासारखं गावात जायचं नाही. प्रत्येकाने लोकांच्या उपयोगी पडेल असं काम करायचं. त्यांनी व्हिएन्नातून जुने कपडे गोळा करून वाटले, डॉक्टरांची तपासणी ठेवली, शिवणाचे वर्ग घेतले. तुला प्रॉव्हिडंट फंडाचा ऑनलाइन दावा भरता येतो. आधारवर एक नाव आणि फंडाच्या नोंदीत दुसरं, असा घोळ घेऊन बसलेले तिथे पुष्कळ भेटतील. आधी त्यांचे अर्ज भरून दे, प्रश्नावली नंतर काढ. आणि घरातल्या बाईशी वेगळं बोल, नवरा समोर नसताना, भांडी आवरून झाल्यावर.

तुझा मामा