पाळीव सरड्यासाठी ऊब आणि उजेड

बंगळूर शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९२० मीटर उंचीच्या पठारावर वसलेले आहे आणि त्याच्या सौम्य हवेची कीर्ती जुनी आहे. मार्च-एप्रिलचा उन्हाळा वगळला तर येथे उकाड्याचा फारसा जाच होत नाही. जानेवारीच्या पहाटेही पारा साधारणतः पंधरा-सोळा अंश सेल्सियसच्या आसपास थांबतो. मनुष्याला मानवणारी ही हवा, शहराच्या पूर्व भागातील महादेवपुऱ्यात एखाद्या उंच इमारतीतल्या सदनिकेत पाळलेल्या ऑस्ट्रेलियन सरड्याला मात्र मानवत नाही. ती मानवत नाही हे पाळणाऱ्याच्या लवकर ध्यानातही येत नाही, कारण हा प्राणी थंडीने कुडकुडत नाही. तो केवळ मंदावतो, आणि त्याचे हे मंदावणे शांत स्वभावाचे लक्षण समजले जाते.

या सरड्याच्या गळ्याखाली काटेरी खवल्यांची एक घडी असते. भय वा क्रोध उत्पन्न झाला की तो ती फुगवतो व ती काळी पडते. यावरूनच त्याला बिअर्डेड ड्रॅगन, म्हणजे दाढीवाला ड्रॅगन, हे नाव मिळाले. शास्त्रीय परिभाषेत तो पोगोना व्हिटिसेप्स होय. पूर्व ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागातील रूक्ष, विरळ झाडीचा प्रदेश हे त्याचे मूळ स्थान. ऑस्ट्रेलियाने आपल्या वन्य प्राण्यांच्या व्यापारी निर्यातीवर फार पूर्वीच बंदी घातलेली असल्याने, जगभर विकले जाणारे हे सरडे पिढ्यानपिढ्या बंदिवासात जन्मलेले असतात. त्यांनी वाळवंट कधी पाहिलेले नसते. पण त्यांचे शरीर अद्याप वाळवंटाचेच आहे.

आपल्याकडील बागेतला सरडा याच कुळातील, अगॅमिडी कुळातील, आहे. बंगळूरभोवतीच्या उघड्या खडकांवर दिसणारा खडकसरडाही त्याचा नातलग आहे. विणीच्या हंगामात या खडकसरड्याच्या नराची पाठ तांबूस-नारिंगी व बाजू काळ्याभोर होतात. येथील भारतीय विज्ञान संस्थेत मारिया थेकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी या जातीचा बारकाईने अभ्यास केला आहे. ज्याला सरडा पाळावयाचा आहे त्याने प्रथम असा एखादा खडक सकाळच्या वेळी तासभर पाहावा. सरडा उन्हात येतो, अंग पसरतो, तापतो. मग कपारीच्या सावलीत शिरतो आणि काही वेळाने पुन्हा बाहेर येतो. या ये-जा करण्यातच सारे मर्म आहे.

सरपटणारे प्राणी पूर्वी ‘थंड रक्ताचे’ म्हणून ओळखले जात. १९४४ मध्ये रेमंड काउल्स व चार्ल्स बोगर्ट या अमेरिकन शास्त्रज्ञांनी वाळवंटातील सरड्यांवरील निरीक्षणे प्रसिद्ध केली, तेव्हा ही समजूत किती अपुरी आहे हे स्पष्ट झाले. सरडा स्वतःच्या शरीरात पुरेशी उष्णता निर्माण करू शकत नाही हे खरे; परंतु ऊन आणि सावली यांची निवड करून तो आपल्या शरीराचे तापमान दिवसभर एका अरुंद मर्यादेत राखतो. दाढीवाल्या सरड्याच्या बाबतीत ही पातळी ३५ अंशांच्या आसपास असते. या पातळीला त्याचे पाचकरस नीट काम करतात आणि रोगप्रतिकाराची शक्ती टिकते. सत्तावीस अंशांच्या खोलीत मनुष्य सुखाने बसतो. सरड्याने खाल्लेले किडे मात्र तेथे त्याच्या पोटात फार काळ न पचता पडून राहतात.

म्हणून सबंध पेटी सारखी उबदार करणे ही पहिली व सर्वांत सामान्य चूक होय. तशा पेटीत प्राण्याला निवडच उरत नाही. पूर्ण वाढलेला सरडा शेपटीसह ४५ ते ६० सेंटिमीटर लांब भरतो. त्याच्यासाठी निदान १२० सेंटिमीटर लांब व ६० सेंटिमीटर रुंद पेटी हवी, ती केवळ फिरण्यासाठी नव्हे. याहून आखूड पेटीत एक टोक तापलेले व दुसरे थंड राखताच येत नाही. एका टोकाला दिव्याखाली सपाट दगड किंवा जाड फांदी ठेवावी. तिच्या पृष्ठभागाचे तापमान ४० ते ४२ अंश असावे. दुसऱ्या टोकाची हवा २४ ते २७ अंशांच्या दरम्यान राहावी व तेथे लपण्यास आडोसा असावा. पेटीच्या काचेला चिकटवलेला एकच तापमापक यापैकी काहीही सांगत नाही. दोन्ही टोकांचे मापन स्वतंत्रपणे, आणि दगडाचे तर त्याच्या पृष्ठभागावरच, केले पाहिजे.

उष्णता वरून यावी, खालून नव्हे. निसर्गात ती सूर्याकडून येते. विजेने तापणारे कृत्रिम दगड बाजारात मिळतात. ते न घेणे बरे. पोटाखालच्या तीव्र उष्णतेपासून सरडा वेळेवर दूर होत नाही आणि त्याच्या पोटाला भाजून गंभीर जखमा होतात. सर्वांत सोपे साधन म्हणजे परावर्तक असलेला हॅलोजन दिवा. येथे एक नवीच अडचण उभी राहिली आहे. जुना पिवळा बल्ब आपल्याला मिळणाऱ्या विजेचा बहुतेक भाग उष्णतेतच घालवीत असे, आणि नेमका हाच दोष सरड्याच्या उपयोगाचा होता. घरोघरी आलेले एलईडी दिवे उजेड भरपूर देतात, पण दगड तापवीत नाहीत. प्रखर एलईडीखाली बसलेला सरडा लख्ख उजेडात थंडच राहतो. दिवा कोणताही असो, त्याला तापनियंत्रक जोडावा व जाळीचे आवरण घालावे, म्हणजे प्राणी उडी मारून त्याला चिकटणार नाही.

व्यवस्था बरोबर आहे की नाही हे सरडाच दाखवून देतो. सकाळी त्याचे अंग काळपट असते, कारण गडद रंग उष्णता लवकर शोषून घेतो. तापल्यावर तो फिकट होतो. पुरेसा तापला की तोंड उघडे ठेवून बसतो आणि थोड्याच वेळात सावलीकडे सरकतो. दिवसभर दिव्याखालीच पडून राहणारा सरडा बहुधा पुरेसा तापत नसतो. दूरच्या कोपऱ्यातून न हलणाऱ्याला बहुधा ताप असह्य होत असतो.

महादेवपुऱ्यातील पाळणारा रात्रीच्या थंडीची चिंता करतो. पण ती फारशी करण्याचे कारण नाही. वाळवंटातही रात्री गार असतात. खोलीचे तापमान १८ अंशांच्या खाली जात नसेल तर निरोगी प्रौढ सरड्याला रात्री उबेची गरज नसते. गेलेच तर उजेड न देणारा चिनीमातीचा तापक वापरावा. रात्रीसाठी म्हणून विकले जाणारे तांबडे वा निळे दिवे टाळावेत, कारण सरड्याला पूर्ण अंधार हवा असतो. त्याच्या डोक्याच्या माथ्यावर प्रकाशाची जाणीव असणारा एक लहानसा तिसरा डोळाही असतो.

ऊब आणि दिसणारा उजेड यांपलीकडे एक तिसरी गरज आहे, आणि तिच्या अभावानेच सर्वाधिक पाळीव सरडे पांगळे होतात. सूर्यप्रकाशातील जंबुपार किरणांचा २९० ते ३१५ नॅनोमीटर तरंगलांबीचा पट्टा कातडीतील एका स्टेरॉलवर पडला की ड-३ जीवनसत्त्वाची पूर्वावस्था तयार होते. तिचे जीवनसत्त्वात रूपांतर व्हावयास शरीराची ऊब लागते. म्हणजे ऊब आणि किरण ही एकाच कामाची दोन अंगे आहेत. या जीवनसत्त्वावाचून अन्नातील कॅल्सियम रक्तात नीट शोषले जात नाही. मग शरीर ते हाडांतून काढून घेऊ लागते. जबडा मऊ पडतो, पाय वाकतात, बोटे थरथरतात. हे सारे काही महिन्यांत हळूहळू घडते, आणि वाकलेले हाड पुन्हा सरळ होत नाही.

खिडकीशी पेटी ठेवल्याने हे किरण मिळतात असे समजू नये. साधी काच उजेड आत येऊ देते, पण हा पट्टा जवळजवळ संपूर्ण अडवते. शिवाय उन्हात ठेवलेली काचेची पेटी काही मिनिटांतच भट्टीसारखी तापते आणि प्राणी दगावतो. घरात त्यासाठी खास नळीदिवा लागतो. तो पेटीच्या निम्म्याहून अधिक लांबीचा असावा व तापलेल्या टोकाच्याच बाजूस बसवावा, म्हणजे दोन्ही लाभ एकाच जागी मिळतील आणि सावलीच्या टोकाला किरणांपासूनही सुटका राहील. दिवा व प्राणी यांच्यामधील अंतर उत्पादकाने सांगितल्याप्रमाणे असावे. मध्ये बारीक तारेची जाळी आल्यास किरणांचा बराच भाग अडतो, हे ध्यानात घ्यावे. तापण्याच्या जागी जंबुपार निर्देशांक ३ ते ५ असला म्हणजे पुरे. या नळीची खरी लबाडी अशी की तिचा उजेड वर्षानुवर्षे टिकतो, पण उपयोगी किरण त्याआधीच क्षीण होतात. डोळ्यांना फरक कळत नाही. बसविल्याची तारीख नळीच्या टोपणावर लिहून ठेवावी व बहुतेक नळ्या वर्षाच्या आत बदलाव्यात.

खरे ऊन मात्र येथे विपुल आहे. पावसाळ्याचे ढगाळ दिवस सोडले, तर गच्चीवर वा सज्जात, जाळीच्या पिंजऱ्यात, सकाळी अर्धा तास ठेवलेल्या सरड्याला कोणत्याही दिव्याहून उत्तम किरण मिळतात. पिंजऱ्याच्या निम्म्या भागावर सावली हवी आणि माणूस जवळ हवा, कारण घारी व कावळे तेथेही असतात.

दिवे दिवसाकाठी बारा तास चालू ठेवावेत. बंगळुरात दिवस वर्षभर सुमारे साडेअकरा ते तेरा तासांचा असल्याने बाहेरच्या दिवसाशीही हे जुळते. शेवटचा घास दिवे मालवण्यापूर्वी निदान दोन तास आधी द्यावा. वीज गेल्यास घाबरण्याचे कारण नाही. उबेवाचून काही तास सरडा सहज काढतो. वीज परत येऊन दगड पुन्हा तापेपर्यंत त्याला खाऊ मात्र घालू नये.