शिकलेलं पुन्हा शिकायला जाऊ नकोस

कोल्हापूर,
१० ऑगस्ट २०२५

चि. बाळ हिस,


दादानं तुझ्या करारपत्राची झेरॉक्स पाठवली. चष्मा लावून शब्द न् शब्द वाचली. तू जर्मनीला जावंस की नाही यावर घरात रोज खल चाललाय, असं वहिनी फोनवर म्हणाली. माझं मत आधीच सांगून टाकते. जा, खुशाल जा. पण या कागदावर सही करून जाऊ नकोस.

तू चार वर्षं घालून बी.एस्सी. नर्सिंग केलंस, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी घेतलीस, आयसीयूत रात्रपाळ्या काढल्यास. आणि हा करार आहे ‘आउसबिल्डुंग’चा. म्हणजे तिथं जाऊन पुन्हा तीन वर्षं नर्सिंगची विद्यार्थिनी व्हायचं आणि विद्यावेतनावर राहायचं. बारावी झालेल्या मुलीसाठी ही वाट चांगली आहे. शिकता शिकता हातात पैसे पडतात आणि शेवटी जर्मनीची पात्रता मिळते. पण तू हे सगळं शिकून बसलीयस. तुझ्यासाठी दुसरी वाट आहे, तिला ते ‘आनेरकेनुंग’ म्हणतात, म्हणजे पात्रतेची मान्यता. तिथलं सरकारी कार्यालय तुझा अभ्यासक्रम त्यांच्या अभ्यासक्रमाशी ताडून बघतं आणि काय कमी पडतंय ते लेखी कळवतं. तेवढी उणीव परीक्षा देऊन किंवा तिथल्या रुग्णालयात ठरावीक काळ प्रशिक्षण घेऊन भरून काढायची. ती भरली की तू पूर्ण परिचारिका.

मग हा करार आणणाऱ्या एजंटानं हे का नाही सांगितलं? कारण मान्यतेच्या वाटेवर जर्मन भाषेची बी-टू पातळी गाठावी लागते, आणि आउसबिल्डुंगला पुष्कळ ठिकाणी बी-वनवर भागतं. त्याला तू लवकर विमानात बसलेली हवी आहेस. तुझं पुढं काय होतं, हा त्याच्या धंद्याचा भाग नाही.

पैशाचा हिशोबही समजून घे. तिकडं वृद्धसेवेत किमान वेतन कायद्यानं ठरलेलं आहे. जुलै २०२५ पासून प्रशिक्षित परिचारिकेला तासाला किमान २०.५० युरो आणि अप्रशिक्षित मदतनिसाला १६.१० युरो असे दर ठरले. काम एकाच खोलीत, एकाच पेशंटपाशी, आणि फरक फक्त कागदाचा. मान्यता मिळेपर्यंत तुलाही काही दिवस मदतनिसाच्या पगारावर काढावे लागतील, त्याला हरकत नाही. पण करारात लिहून घे, की मान्यता मिळाल्याच्या दिवसापासून पगार परिचारिकेचा लागेल. मधेच नोकरी सोडली तर किती पैसे परत मागणार, हे कलमही बघ. तुझ्या कागदात ते अगदी शेवटच्या पानावर बारीक अक्षरात आहे.

दादा म्हणतो, एजंटाला चार लाख द्यायचेत, त्यासाठी ओढ्याकडचा उसाचा तुकडा गहाण टाकतो. त्याला हात जोडून सांग, असं करू नको. परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्या एजंटाची केंद्र सरकारकडं नोंदणी लागते, आणि उमेदवाराकडून सेवाशुल्क म्हणून तीस हजार रुपये आणि वर जीएसटी, यापेक्षा जास्त घेता येत नाही. नोंदणी आहे का, ते सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर घरबसल्या बघता येतं. शिवाय परिचारिकांच्या न्याय्य भरतीसाठी जर्मन सरकारनं एक शिक्का ठरवून दिलाय. तो ज्या संस्थेकडं आहे, तिथं भरतीचा खर्च मालकानं करायचा, परिचारिकेनं नाही. अशीच संस्था शोध. कर्ज डोक्यावर घेऊन गेलेली मुलगी वाईट मालकालाही सोडू शकत नाही.

आणि घाई कशाला करायची? गरज त्यांची आहे. गेल्या वर्षी फेब्रुवारीत आपल्या राज्य सरकारनं बाडेन-व्युर्टेम्बर्गशी करार केला, तो दहा हजार कुशल माणसं पाठवण्याचा. त्यात परिचारिका आहेत, इलेक्ट्रिशियन आहेत, प्लंबर, वाहनचालकही आहेत. ऑक्टोबरमध्ये जर्मनीनं भारतातल्या कुशल कामगारांसाठी वर्षाला वीस हजार असलेले व्हिसा नव्वद हजारांवर नेले. त्यांच्याकडं म्हातारी माणसं वाढलीत आणि सांभाळणारे हात कमी पडलेत. ज्याला गरज असते, त्याच्याशी ताठ मानेनं बोलावं.

मात्र ही गरज कायमची आहे असंही धरून चालू नकोस. साठच्या दशकात केरळच्या कितीतरी मुली चर्चमार्फत पश्चिम जर्मनीत नर्सिंगला गेल्या. तेव्हाही त्यांना असंच बोलावून नेलं होतं. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात वारं फिरलं, परवाने वाढवून मिळेनात आणि अनेकींना माघारी यावं लागलं. म्हणून मान्यतेचं प्रमाणपत्र हातात आलं की थांबू नकोस. आजच्या नियमाप्रमाणे कुशल कामगाराला तीन वर्षांनी कायम वास्तव्याचा परवाना मागता येतो, भाषा आणि पेन्शनचे हप्ते एवढं मात्र नीट लागतं. तो मिळव. मग राहायचं की परतायचं, हे तू ठरवशील.

आता भाषेचं. बी-टू म्हणजे नुसती परीक्षा समजू नकोस. आपल्या वॉर्डात राधानगरीकडची म्हातारी ‘पोटात कळ मारतीया’ म्हणते, ‘जीव घाबराघुबरा हुतोय’ म्हणते, आणि त्यातलं कुठलं ऐकून डॉक्टरांना पळत बोलवायचं, हे सिस्टरला कळावं लागतं. तिथं स्टुटगार्टच्या आजी श्वाबिश बोलीत बोलतील, पुस्तकातली जर्मन बोलणार नाहीत. तुला त्यांची कळ ओळखता आली पाहिजे. भाषा कच्ची राहिली तर तुझा नर्सिंगचा हात कितीही पक्का असो, तुला चादरी बदलण्यावरच ठेवतील, आणि त्यात त्यांचं फार चुकलं असंही म्हणता येणार नाही.

कामाचं स्वरूपही आधीच मनाशी पक्कं कर. आपल्याकडं पेशंटला अंघोळ घालणं, भरवणं, बेडपॅन देणं हे नातेवाईक नाहीतर आयाबाई करतात. तिथं ते परिचारिकेचंच काम आहे. उलट आपल्याकडं तू झटक्यात सलाईन लावतेस, ते तिथं पुष्कळदा डॉक्टर करतात. इथून गेलेल्या मुलींना पहिल्या महिन्यात हेच झोंबतं. ‘एवढं शिकून हे करायला आले का?’ असं वाटेल. तसं वाटू देऊ नकोस. आजीची पाठ पुसताना दिसलेला लालसर डाग म्हणजे उद्याचा बेडसोर, आणि तो आधी बघतो तो अंघोळ घालणाराच. माझ्या सगळ्या नोकरीत पेशंटची खरी माहिती मला केसपेपरपेक्षा अंग पुसताना जास्त कळली.

गावात कोणी म्हणेल, आपल्या पैशानं शिकली आणि गोऱ्यांची सेवा करायला चालली. हे ओझं तू घेऊ नकोस. जागतिक आरोग्य संघटनेच्या यंदाच्या अहवालाप्रमाणे जगातल्या सात परिचारिकांमागे एक जन्मदेशाबाहेर काम करते, आणि श्रीमंत देशांत तर शंभरात तेवीस बाहेरून आलेल्या आहेत. एवढ्या बायका हौसेनं घर सोडत नाहीत. खासगी दवाखान्यात बारा-बारा तासांची ड्युटी आणि तुटपुंजा पगार, सरकारीत कंत्राटी ऑर्डर, याला मुली तरी काय करणार?

आपल्याच गावचा इतिहास बघ. आनंदीबाई जोशी मार्च १८८६ मध्ये अमेरिकेत डॉक्टर झाल्या, आणि त्याच वर्षी कोल्हापूर संस्थाननं त्यांना आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलच्या स्त्री विभागाची जबाबदारी देऊ केली. तेच आजचं आपलं सीपीआर रुग्णालय. आनंदीबाईंना ते पद सांभाळायला मिळालं नाही, फेब्रुवारी १८८७ मध्ये एकविसाव्या वर्षी त्या गेल्या. पण शिकून येणाऱ्या बाईसाठी मानाची जागा तयार ठेवावी, ही बुद्धी त्या काळच्या दरबाराला होती. जाणाऱ्या मुलींना नावं ठेवणाऱ्यांनी आधी अशा जागांची मागणी करावी. तू तिकडं शिकलेलं जमेल तेव्हा इथल्या मुलींना सांगत राहा, एवढीच माझी तुझ्याकडून अपेक्षा.

पैसे घरी पाठवशीलच, दादाचं घर अर्धवट आहे हे मला माहीत आहे. पण पहिलं वर्षभर निम्मा पगार स्वतःच्या नावावर साठव. माझं नाव सांगून दादाला तसं स्पष्ट कळव.

या आठवड्यात दोन कामं कर. करारपत्र सही न करता परत दे आणि पोच घे. शिवाजी विद्यापीठाच्या परकीय भाषा विभागात जाऊन जर्मनच्या पुढच्या वर्गाची चौकशी कर. बी-टूची परीक्षा पुण्याच्या मॅक्सम्युलर भवनात देता येईल. क्लासची आणि परीक्षेची फी मी भरते, पेन्शन त्यासाठीच आहे. अजून काही महिने लागले तर लागू देत. तू जाशील ती परिचारिका म्हणूनच.

वहिनीला आणि दादाला नमस्कार.

तुझी,
आत्ती