नाणे पारखतो, तशी खबरही पारखावी

विवेकानंद जयंतीच्या उत्सवाला हिवरा आश्रमात (ता. मेहकर) हजारोंच्या पंगती बसतात. अशा गर्दीत खेळणी, बांगड्या, फळे विकणाऱ्याचा धंदा सुट्या पैशांवर चालतो. गिऱ्हाईकाने दहाचे नाणे पुढे केले आणि ‘हे चालत नाही’ म्हणून आपण परत केले, तर सौदाही गेला आणि गिऱ्हाईकही. नाणे बंद झाले, हे सांगितले कोणी? मोबाइलवरच्या एका संदेशाने!

रुपयाचे चिन्ह नसलेले नाणे खोटे, अशी ती अफवा. वास्तविक हे चिन्ह सरकारने २०१० साली स्वीकारले; त्याआधीच्या नाण्यांवर ते असणार कसे? अखेर १७ जानेवारी २०१८ रोजी रिझर्व्ह बँकेला पत्रक काढावे लागले की, तोवर निघालेले दहाच्या नाण्याचे चौदाही नमुने वैध आहेत.

दुसरी अफवा याहून महाग पडली. एप्रिल २०२० मध्ये एक मुस्लिम फळविक्रेता फळांना थुंकी लावून कोरोना पसरवितो, असा व्हिडिओ देशभर फिरला. ऑल्ट न्यूजसारख्या तपासणी संकेतस्थळांनी शोध घेतला, तेव्हा चित्रण मध्य प्रदेशातील रायसेनचे, १६ फेब्रुवारीचे, म्हणजे टाळेबंदीपूर्वीचे निघाले. पण तोवर ठिकठिकाणी गरीब हातगाडीवाल्यांच्या रोजीवर घाला पडला होता.

तेव्हा बांधवांनो, एवढे करावे :

१) संदेशातील ठळक शब्द व पुढे ‘फॅक्ट चेक’ असे लिहून गुगलवर शोधावे. फॅक्ट क्रेसेंडो, न्यूजचेकर यांची माहिती मराठीतही मिळते.

२) फोटो गुगल लेन्सवर टाकून तो पूर्वी कुठे, केव्हा आला होता ते पाहावे.

३) चलनाची बाब रिझर्व्ह बँकेच्या आणि केंद्र सरकारची पीआयबी फॅक्ट चेकच्या पानावर पडताळावी.

४) तपासणाऱ्याचाही शब्द आंधळेपणाने घेऊ नये, त्याने दिलेला पुरावा उघडून पाहावा.

५) खात्री होईपर्यंत संदेश पुढे पाठवू नये.

आणखी एक. आपल्याविरुद्धची अफवा आपण लगेच खोडतो, पण आपल्या सोयीची किंवा दुसऱ्या समाजाविरुद्धची तितक्याच तत्परतेने तपासतो काय? खबर आली की आधी छाननी करा, ही सूरह अल-हुजुरातची (४९:६) ताकीद दोन्हींना लागू आहे. तराजू एकच असावा, दुकानातही आणि मोबाइलवरही.