पित्ताशयातील खडे औषधाने विरघळतात काय?

शरीरात खडे होण्याची दोन ठिकाणे सर्वसामान्यपणे आढळतात. एक मूत्रमार्ग आणि दुसरे पित्ताशय. बोलीभाषेत दोन्हींना ‘खडा’ असेच म्हटले जाते. त्यामुळे एका विकारावरील उपाय दुसऱ्यावर केले जातात. भरपूर पाणी प्याल्याने लहान मुतखडा लघवीवाटे बाहेर पडू शकतो. पित्ताशयाचा मात्र लघवीच्या मार्गाशी काहीही संबंध नाही. पित्ताशयातील खडे हमखास विरघळविण्याचा दावा करणारी औषधे गावोगावी विकली जातात. अशा वेळी वैद्यकशास्त्राने याबाबत काय सिद्ध केले आहे, हे समजून घेणे अगत्याचे ठरते. ‘विरघळतात काय?’ या प्रश्नाचे शास्त्रीय उत्तर ‘होय, परंतु काहीच’ असे आहे.

खडा कसा तयार होतो?

यकृतात दररोज सुमारे अर्धा ते एक लिटर पित्तरस तयार होतो. यकृताच्या खालच्या बाजूस असलेल्या पित्ताशय नावाच्या लहानशा पिशवीत तो साठविला जातो व तेथे दाट होतो. स्निग्ध पदार्थ पोटात गेले म्हणजे पित्ताशय आकुंचन पावते आणि पित्तरस आतड्यात उतरतो.

कोलेस्टेरॉल हा पित्तरसातील एक घटक होय. हा स्निग्ध पदार्थ पाण्यात विरघळत नाही. पित्ताम्लांचे क्षार आणि लेसिथिन हे दोन घटक त्याला पित्तरसात विरघळलेल्या स्थितीत ठेवतात. या तिन्ही घटकांचे परस्परप्रमाण बिघडले की खडे होतात, ही गोष्ट अमेरिकेतील अॅडमिरँड व स्मॉल या संशोधकांनी 1968 मध्ये स्पष्ट केली. पाकात साखर प्रमाणाबाहेर झाली म्हणजे पाक थंड होताच साखरेचे कण सुटू लागतात. तसेच येथेही घडते. कोलेस्टेरॉल अधिक झाले की त्याचे स्फटिक सुटतात, पित्ताशयातील चिकट द्रवात ते अडकतात आणि कालांतराने त्यांचा खडा बनतो.

सर्वच खडे या जातीचे नसतात. काही खडे पित्तातील रंगद्रव्याचे असतात. आयुर्वेदात वापरले जाणारे गोरोचन म्हणजे गुरांच्या पित्ताशयातील खडाच होय आणि तो मुख्यतः अशाच रंगद्रव्याचा असतो. उत्तर भारतात कोलेस्टेरॉलचे खडे अधिक, तर दक्षिण भारतात रंगद्रव्याच्या खड्यांचे प्रमाण तुलनेने जास्त आढळते. हा भेद महत्त्वाचा आहे, कारण पित्ताम्लाच्या औषधाने रंगद्रव्याचे खडे विरघळत नाहीत.

हंस आणि अस्वल

कोलेस्टेरॉलला विरघळलेले ठेवणारे पित्ताम्लच औषध म्हणून दिले तर काय होईल, या विचारातून या उपचाराचा जन्म झाला. तोंडावाटे घेतलेले पित्ताम्ल आतड्यात शोषले जाते, यकृताकडे जाते आणि पुन्हा पित्तरसात उतरते. शरीराची ही नैसर्गिक व्यवस्थाच उपचाराच्या कामी आली.

1972 मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी चेनोडिऑक्सिकोलिक आम्लाचा प्रयोग सात स्त्रियांवर केल्याचे प्रसिद्ध केले. त्यांपैकी चौघींचे खडे लहान झाले अथवा नाहीसे झाले. या आम्लाच्या नावातील ‘चेनो’ हा अंश हंसवाचक ग्रीक शब्दावरून आला आहे, कारण हंसाच्या पित्तात ते आढळले होते. पुढे अमेरिकेत 916 रुग्णांवर दोन वर्षे व्यापक चाचणी झाली. तिचे निष्कर्ष 1981 मध्ये प्रसिद्ध झाले. दररोज 750 मिलिग्रॅम औषध घेणाऱ्यांपैकी केवळ 13.5 टक्के रुग्णांचे खडे पूर्णपणे विरघळले. शिवाय जुलाब होणे आणि यकृतावर परिणाम होणे हे दोषही दिसून आले.

दुसरे आम्ल अर्सोडिऑक्सिकोलिक. ‘अर्सस’ म्हणजे लॅटिन भाषेत अस्वल. अस्वलाचे पित्त चीन व जपानमधील पारंपरिक वैद्यकात फार पूर्वीपासून वापरले जात असे. जपानी संशोधकांनी 1927 मध्ये हे आम्ल अस्वलाच्या पित्तातून शुद्ध रूपात वेगळे केले आणि 1975 मध्ये त्याने खडे विरघळत असल्याचे दाखविले. त्याचे दुष्परिणाम कमी असल्याने पुढे तेच प्रचारात आले. आज ते तयार करण्यासाठी अस्वलाची आवश्यकता नाही. गुरांच्या पित्तापासून रासायनिक प्रक्रियेने ते बनविता येते.

हे औषध यकृतातून पित्तात येणारे कोलेस्टेरॉल कमी करते. त्यामुळे पित्तरसात आणखी कोलेस्टेरॉल सामावून घेण्याची क्षमता येते आणि खड्याच्या पृष्ठभागावरील कोलेस्टेरॉल हळूहळू सुटत जाते.

औषध कोणास लागू पडते?

औषधाचा उपयोग व्हावयाचा तर खडा कोलेस्टेरॉलचा हवा आणि त्यात चुन्याचा अंश नसावा. चुना असलेला खडा साध्या क्ष-किरण चित्रात दिसतो. कोलेस्टेरॉलचा शुद्ध खडा दिसत नाही. खडा लहान असावा. खडीसाखरेच्या मोठ्या खड्यापेक्षा बारीक साखर लवकर विरघळते, तोच नियम येथे लागू पडतो. पित्ताशयाचे कार्य चालू असावे आणि त्याची नळी मोकळी असावी. अन्यथा औषधयुक्त पित्त खड्यापर्यंत पोहोचणारच नाही.

या औषधाची मात्रा सामान्यतः शरीराच्या वजनाच्या दर किलोग्रॅममागे दररोज 8 ते 10 मिलिग्रॅम असते. साठ किलोग्रॅम वजनाच्या व्यक्तीस ती 480 ते 600 मिलिग्रॅम होते. उपचार सहा महिने ते दोन वर्षे चालतो आणि दर सहा महिन्यांनी सोनोग्राफीद्वारे तपासणी करावी लागते. बारा महिन्यांत खडा मुळीच लहान झाला नाही, तर पुढे यश येण्याची शक्यता फारच थोडी उरते. चुना नसलेल्या, वीस मिलिमीटरपेक्षा लहान खड्यांच्या रुग्णांपैकी सुमारे तीस टक्क्यांचे खडे दोन वर्षांत पूर्णपणे विरघळतात. खडा पाच मिलिमीटरपर्यंतचा असेल तर हे प्रमाण सुमारे ऐंशी टक्क्यांवर जाते.

तथापि या उपचारास एक मोठी मर्यादा आहे. खडा गेला तरी पित्ताशय जागेवरच राहते आणि पित्ताचा मूळ दोषही कायम असतो. त्यामुळे खडे विरघळलेल्या रुग्णांपैकी जवळपास निम्म्यांना पाच वर्षांच्या आत पुन्हा खडे होऊ शकतात.

शस्त्रक्रियेचे स्थान

पित्ताशय काढून टाकण्याची पहिली शस्त्रक्रिया बर्लिन येथे कार्ल लँगेनबुख यांनी 1882 मध्ये केली. पोटावर मोठा छेद घ्यावा लागत असल्याने औषधाचा पर्याय अनेकांना आकर्षक वाटत असे. 1985 मध्ये जर्मनीतील एरिख म्यूहे यांनी दुर्बिणीच्या साहाय्याने, लहान छिद्रांतून पित्ताशय काढले. भारतात मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहमटन उडवाडिया यांनी 1990 मध्ये अशी शस्त्रक्रिया केली. या पद्धतीत रुग्ण लवकर घरी जातो आणि पित्ताशयच राहत नसल्याने त्यात पुन्हा खडे होण्याचा प्रश्न उरत नाही. म्हणून त्रास देणाऱ्या खड्यांवर आज शस्त्रक्रिया हाच प्रमुख उपाय मानला जातो. शस्त्रक्रिया ज्यांना झेपणारी नाही अथवा नको आहे, अशा निवडक रुग्णांसाठी औषधाचा विचार होतो. वजन झपाट्याने घटत असताना खडे होऊ नयेत म्हणूनही हे औषध दिले जाते.

त्रास न देणाऱ्या खड्यांवर बहुधा कोणताच उपचार करावा लागत नाही. अन्य कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत खडा दिसला, एवढ्यावरून घाबरून जाण्याचे कारण नाही.

गावपातळीवर काय करता येईल?

शिक्षक, ग्रामसेवक आणि पंचायत सदस्य यांच्या शब्दाला गावात मान असतो. त्यांनी पुढील गोष्टी लोकांच्या ध्यानी आणून द्याव्यात. जेवणानंतर उजव्या बरगडीखाली अथवा पोटाच्या वरच्या भागात कळ येऊन ती काही तास टिकत असेल, थंडी वाजून ताप येत असेल, डोळे व लघवी पिवळी होत असेल, तर रुग्णास विलंब न करता रुग्णालयात न्यावे. खडा पित्तनलिकेत अडकल्यानेही कावीळ होते. कावीळ उतरविण्याची माळ घालून वाट पाहत बसल्यास जंतुसंसर्ग पसरू शकतो अथवा स्वादुपिंडास सूज येऊन जिवावर बेतू शकते. अशा वेळी विरघळविण्याच्या औषधालाही स्थान नाही.

तेल व लिंबाचा रस पिऊन शौचावाटे खडे पडल्याचे काही जण सांगतात. प्रयोगशाळेत तपासलेले असे हिरवट गोळे तेलापासून पोटातच तयार झालेल्या साबणासारख्या पदार्थाचे असल्याचे आढळले आहे. खडे जेथल्या तेथेच राहतात आणि उपचाराची वेळ मात्र निघून जाते.

खडा विरघळविण्याचे औषध कोणी देऊ केल्यास खडा कोणत्या जातीचा आहे, केवढा आहे आणि पित्ताशयाचे कार्य चालू आहे काय, हे प्रश्न आधी विचारावेत. तपासणीवाचून यांची उत्तरे मिळत नाहीत. ती न करताच औषध देणाऱ्यापासून दूर राहणे, यातच रुग्णाचे हित आहे.