खाऱ्या पाण्याच्या फिश टँकचे घरबदल

मुंबईत उभी हयात काढलेली कित्येक कुटुंबे श्रीवर्धन, म्हसळा, मुरुडकडे गावच्या घरी परततात. कपाट, फ्रीज सुखरूप पोहोचते; पण घरात खाऱ्या पाण्याचा फिश टँक असला की टेम्पोवाला हात वर करतो. किनाऱ्यावरील तरुणांनी हे काम नीट शिकून घेतले तर चांगला जोडधंदा होऊ शकतो.

काम घेण्यापूर्वी टँकमध्ये काय आहे ते डोळ्यांनी पाहावे. दगडी प्रवाळ, समुद्री पंखे, समुद्री घोडे व समुद्री काकड्या हे 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. परदेशी प्रवाळ असेल तर त्याचे कागद मागावेत. 2020 साली मुंबईच्या सागरी किनारा मार्गाच्या कामात वरळी व हाजी अली येथील प्रवाळ आड आले, तेव्हा महापालिकेलाही वनखात्याची परवानगी काढून गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेकडून ते दुसरीकडे हलवावे लागले. महापालिकेची ही गत, तर टेम्पोवाल्याची काय कथा! कागद नसल्यास काम नाकारावे, भाडे कितीही मिळो.

आता वजनाचा हिशेब. तीन फूट लांब, दीड फूट रुंद व दीड फूट उंच टँकमध्ये सुमारे 190 लिटर पाणी मावते. खारे पाणी गोड्यापेक्षा जड, म्हणजे दोन क्विंटलच्या आसपास वजन झाले; काच आणि दगड वेगळे. थोडे पाणी ठेवूनही टँक उचलू नये, सांधे सुटतात.

पुष्कळ लोक जुने पाणी जिवापाड जपतात आणि दगड मात्र कोरडे करून पोत्यात भरतात. येथेच घात होतो. माशांच्या विष्ठेतून अमोनिया हे विष तयार होते. ते पचवणारे सूक्ष्म जंतू पाण्यात फारसे नसतात. ते सच्छिद्र दगडांवर आणि फिल्टरच्या स्पंजात राहतात. म्हणून दगड व स्पंज टँकच्याच पाण्यात, झाकणाच्या बादल्यांत न्यावेत आणि बॅटरीवरचा हवेचा पंप लावावा. तळाची जुनी वाळू ढवळली की साचलेली घाण वर येते. ती खाऱ्या पाण्यात धुवावी किंवा सरळ नवी घालावी. वाळू स्वस्त, मासे महाग.

नवे पाणी आदल्या दिवशीच तयार असावे: लिटरला सुमारे 35 ग्रॅम समुद्री मीठ, तेही अ‍ॅक्वेरियमचे, स्वयंपाकाचे नव्हे. गोडे पाणी आरओचे बरे. नळाचे असल्यास क्लोरीन मारून घ्यावे. समुद्र दाराशी असताना मीठ कशाला, असे गावात हमखास विचारतात. परंतु पावसाळ्यात सावित्री, कुंडलिका गढूळ होऊन खाडीला येतात आणि किनाऱ्याचे पाणी फिके पडते. त्या दिवसांत ते घेऊ नये.

माशांना आदल्या दिवशी खाणे देऊ नये. प्रत्येक मासा वेगळ्या दुहेरी पिशवीत, एक हिस्सा पाणी आणि दोन हिस्से ऑक्सिजन, पिशव्या थर्माकोलच्या पेटीत. पहाटे निघावे, म्हणजे माणगावपर्यंत ऊन चढत नाही. अटल सेतूवरून जायचे असल्यास तीनचाकी टेम्पो चालत नाही, हे भाडे ठरवतानाच लक्षात घ्यावे.

नव्या घरी जागा पश्चिमेच्या उन्हापासून दूर, फरशी पाणसळ लावून तपासलेली, काचेखाली थर्माकोलची शीट. आधी दगड व पाणी, मग फिल्टर चालू. मासे सर्वांत शेवटी. बंद पिशवी वीस मिनिटे पाण्यावर तरंगत ठेवावी, म्हणजे उष्णता सारखी होते. पिशवी उघडली की दिरंगाई करू नये, कारण बाहेरची हवा लागताच पिशवीतला अमोनिया अधिक जहरी होतो. टँकचे पाणी थोडे-थोडे घालून अर्ध्या तासात मासा जाळीने सोडावा आणि पिशवीतले पाणी फेकून द्यावे. पहिले काही दिवस खाणे कमी व अमोनियाची तपासणी रोज. वीज जाते तेथे पंपासाठी इन्व्हर्टर हवाच.

दराबाबत एवढेच, की रिकाम्या काचेचे भाडे व जिवंत मासे हलवण्याची मजुरी बिलात वेगळी लिहावी. कापडाची गाठ भिजली तर वाळवून सवलतीत विकता येते. मेलेल्या माशावरून भांडणच होते. पॅकिंग मालकाने स्वतः केले असेल तर माशांची हमी नाही, हे त्याच कागदावर लिहून त्याची सही घ्यावी आणि निम्मी रक्कम आगाऊ.