आधी प्रश्न, मग गाइड

हिमायतनगर,
ज्येष्ठ शुद्ध पंचमी

चि. प्राजक्ता,


एम.एस्सी. झाल्यावर उपयोजित गणितात पीएच.डी. करायची म्हणतेस, हे ताईकडून कळलं आणि फार आनंद झाला. गाइड कोण धरू, असं तू विचारलंस. मी म्हणेन, आधी प्रश्न शोध, मग गाइड. विद्यापीठाचं नाव सगळ्यात शेवटी.

आपल्याकडे पुष्कळदा काय चालतं ते तू पाहतेसच. छापून आलेलं एखादं प्रमेय घ्यायचं, त्यातली एक अट सैल करायची, शेवटच्या पानावर ‘उपयोजन’ म्हणून एक समीकरण जोडायचं आणि पैसे घेऊन छापणाऱ्या नियतकालिकाकडे लेख धाडायचा. त्या समीकरणाचा ना पाण्याशी संबंध, ना पिकाशी, ना रोगाशी. नावामागे डॉक्टर लागतं, पण गणित होतं तिथेच राहतं. तू त्या वाटेने जाऊ नयेस, म्हणून एवढं लिहितोय. यूजीसीच्या 2022 च्या नियमांत प्रबंध सादर करण्याआधी लेख छापलाच पाहिजे ही सक्ती राहिलेली नाही, तेव्हा घाईचं तसं कारणही नाही.

अमूर्त गणिताला मी कमी लेखत नाही. लातूर जिल्ह्यातल्या अहमदपूरच्या बी. सी. ढगे सरांचं काम वाच. 1984 साली त्यांनी औरंगाबादच्या मराठवाडा विद्यापीठाला स्थिरबिंदू प्रमेयांवर प्रबंध सादर केला. 2010 मध्ये लक्ष्मीकांतम यांच्याबरोबर त्यांनी संकरित अवकल समीकरणांवर लिहिलेला लेख जगभरचे लोक आधाराला घेतात. एवढं काम अहमदपूरच्या पत्त्यावरून होऊ शकतं, हे तुझ्या मैत्रिणींनाही सांग. त्यांनीच मांडलेल्या डी-मेट्रिक अवकाशांची गोष्टही समजून घे. त्या अवकाशांच्या संस्थितीबद्दलची कित्येक विधानं टिकत नाहीत, हे मुस्तफा आणि सिम्स यांनी दाखवलं आणि 2006 मध्ये जी-मेट्रिक ही नवी व्याख्या पुढे आणली. ढगे सर पुढेही काम करत राहिले, आणि संकरित समीकरणांवरचा तो लेख त्यानंतरचाच आहे. तू कुठलंही प्रमेय वापरण्याआधी चार-दोन साधी उदाहरणं हाताने सोडवून ते तपासत जा, मग ते कितीही मोठ्या माणसाचं असो.

आता प्रश्न कसा शोधायचा, त्याकडे येतो. सध्या आपल्या रानात बोटभर रुंद भेगा पडल्या आहेत. पहिला मोठा पाऊस आला की पाणी त्या भेगांतून थेट खाली उतरतं. मग चिकणमाती फुगते, भेगा मिटतात, आणि त्यानंतरचं पाणी मुरायचं जवळजवळ थांबून वर साचतं. पेरण्याजोगी ओल झाली का, वाफसा कधी येईल, हा अंदाज चुकला की सोयाबीनची दुबार पेरणी कपाळी येते. हा अस्सल उपयोजित गणिताचा प्रश्न आहे. सच्छिद्र माध्यमातून पाणी कसं वाहतं याचा नियम डार्सीने 1856 मध्ये दिला, आणि अर्धवट ओल्या मातीसाठीचं समीकरण रिचर्ड्सने 1931 मध्ये. पण रिचर्ड्सचं समीकरण मातीचा सांगाडा जागचा हलत नाही असं धरून चालतं. आपली काळी माती तर फुगते आणि आकसते. फुगणाऱ्या मातीसाठी ऑस्ट्रेलियात फिलिप आणि स्माइल्स यांनी 1969 च्या सुमारास सिद्धांत मांडला. भेगा हळूहळू मिटत असताना काय होतं, तिथे अजून पुष्कळ काम उरलं आहे. हाच विषय घे असं माझं म्हणणं नाही, पण जो घेशील त्याच्या मुळाशी असंच खरं काहीतरी असू दे.

अशी समीकरणं कागदावर सुटत नाहीत, म्हणून पायथन आणि संख्यात्मक पद्धती आत्तापासून पक्क्या कर. आलेख सुंदर दिसला म्हणून उत्तर बरोबर मानायचं नाही. जाळीतलं अंतर निम्मं करून पुन्हा चालवायचं. दुसऱ्या कोटीची पद्धत असेल तर चूक साधारण पावपट व्हायला हवी. तशी होत नसेल तर प्रोग्राममध्ये किंवा समजुतीत दोष आहे.

गाइड निवडताना शोधगंगेवर त्यांच्या विद्यार्थ्यांचे प्रबंध उघडून वाच, आणि त्या विद्यार्थ्यांना गाठून विचार की सर किंवा मॅडम फळ्यापाशी तुमच्याबरोबर किती वेळ घालवतात. विष्णुपुरीला आपल्या स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठात गणितशास्त्र संकुल आहे. बंगळूरूला टीआयएफआरचं उपयोजनक्षम गणिताचं केंद्र आहे, मुंबईला आयआयटी आहे. तिन्हीकडे चौकशी कर, लांबच्या गावाला भिऊ नकोस.

फेलोशिपशिवाय सुरुवात करू नकोस, हे मात्र मी हट्टाने सांगतो. सीएसआयआर-नेटमधून जेआरएफ मिळाली तर पहिली दोन वर्षं दरमहा 37,000 रुपये मिळतात. ती हुकली तर बार्टी, सारथी, महाज्योती यांपैकी तुला लागू होईल तिथे अर्ज कर. दाजींवर या वर्षांचा भार पडता कामा नये.

घरात लग्नाचा विषय निघाला तर ताईशी मी बोलतो. नियमाने पीएच.डी.ला किमान तीन आणि एरवी जास्तीत जास्त सहा वर्षं असतात. स्त्रियांना जादा मुदतही मिळते, बाळंतपणासाठी 240 दिवसांची रजाही आहे. तेव्हा ‘हे की ते’ असा पेच कुणी घातला तर त्यांना नियम दाखव.

येत्या रविवारी इकडे ये. येताना रिचर्ड्सचं समीकरण डार्सीच्या नियमापासून स्वतः काढून आण. पाऊस लांबला असेल तर आपण भेगांची खोली मोजू, आणि पडून गेला असेल तर बांधाजवळ लोखंडी कडं रोवून पाणी किती वेळात मुरतं ते पाहू. वही आणि घड्याळ तू आण, कडं मी लोहाराकडून करून ठेवतो.

तुझा
मामा