लसीकरण आणि मासिक पाळी : अफवा, अनुभव आणि पुरावा

४.१ उद्दिष्टे
या उपघटकाच्या अभ्यासानंतर तुम्हांला –
• अफवा, अनुभव आणि पुरावा यांतील फरक स्पष्ट करता येईल.
• संशोधनातील आकड्यांचा नेमका अर्थ सांगता येईल.

४.२ प्रास्ताविक
विद्यार्थी मित्रहो, मासिक पाळीसाठी मराठीत ‘अडचण’, ‘कावळा शिवणे’, ‘बाहेर बसणे’ असे आडवळणाचे शब्दप्रयोग रूढ आहेत. ज्या गोष्टीचा उच्चार टाळला जातो, तिच्याविषयीची शंकाही मनातच राहते आणि अफवेला वाव मिळतो. कोविड लसीकरणाच्या काळात याचा प्रत्यय आला.

४.३ विषय-विवेचन

४.३.१ अफवा
भारतात १ मे २०२१ पासून १८ वर्षांवरील सर्वांसाठी लसीकरण खुले होणार होते. त्याआधी एप्रिलमध्ये, पाळीच्या आधी पाच व नंतर पाच दिवस स्त्रियांनी लस घेऊ नये, असा संदेश समाजमाध्यमांतून पसरला. केंद्र शासनाच्या पत्र सूचना कार्यालयाने तो खोटा असल्याचे जाहीर केले.

४.३.२ अनुभव
लस घेतल्यानंतर पाळी लांबली किंवा रक्तस्राव वाढला, असे मात्र अनेक देशांतील स्त्रिया स्वानुभवाने सांगत होत्या. त्यांचे म्हणणे पडताळण्यास आधार नव्हता. कारण लसींच्या मूळ चाचण्यांत पाळीविषयीची माहिती पद्धतशीरपणे गोळा केलेली नव्हती. ‘पुरावा नाही’ म्हणजे ‘परिणाम नाही’, असा अर्थ येथे काढता येत नव्हता. प्रश्नच विचारला गेला नव्हता.

४.३.३ पुरावा
जानेवारी २०२२ मध्ये ॲलिसन एडलमन व सहकाऱ्यांनी अमेरिकेतील ३,९५९ जणींच्या मोबाइल ॲपवरील नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात लस घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोन गटांची तुलना होती. लस घेतलेल्या गटात पाळीचे चक्र सरासरी एका दिवसाहूनही कमी लांबले. रक्तस्रावाचे दिवस वाढले नाहीत. एकाच चक्रात दोन्ही मात्रा घेतलेल्यांत ही वाढ सुमारे दोन दिवसांची होती, परंतु पुढील चक्रांत ती ओसरली. सुमारे आठ दिवसांपर्यंतचा फरक वैद्यकशास्त्र सामान्य मानते, हे येथे ध्यानात घ्यावे.

मात्र ‘सरासरी’ म्हणजे प्रत्येकीचा अनुभव नव्हे. ऑक्टोबर २०२२ मध्ये युरोपीय औषध संस्थेच्या समितीने एमआरएनए प्रकारच्या दोन लसींच्या माहितीपत्रकात ‘अतिरक्तस्राव’ हा संभाव्य दुष्परिणाम नोंदवण्याची शिफारस केली. त्याच वेळी, अशा बदलांमुळे प्रजननक्षमतेवर परिणाम होतो असा पुरावा नसल्याचेही तिने स्पष्ट केले.

४.४ सारांश
स्त्रियांचा अनुभव निराधार नव्हता. त्यावरून पसरलेली भीती मात्र निराधार ठरली. अनुभवाची नोंद झाली, तुलना झाली, तेव्हाच हा भेद करता आला. पाळी कायमची थांबल्यानंतर रक्तस्राव झाल्यास मात्र त्याचे कारण लसच असेल असे गृहीत धरू नये. डॉक्टरांना अवश्य दाखवावे.

४.५ स्वाध्याय
१. ‘पुरावा नाही’ आणि ‘परिणाम नाही’ या विधानांतील फरक सोदाहरण लिहा.
२. तुमच्या परिसरात पाळीसाठी वापरले जाणारे शब्दप्रयोग नोंदवा व त्यांमागील सामाजिक दृष्टी स्पष्ट करा.